बाल्कनी रिकामी करा

कवळीताईला राग पटकन येई आणि लवकर जात नसे. तिच्या आईच्या शब्दांत सांगायचं तर ही पोरगी रागाला पाहुण्यासारखं घरात घेते, बसायला देते, वर चहा पाजते. तिचं खरं नाव घरच्यांपुरतंच उरलं होतं. दातांच्या डॉक्टरांच्या गल्लीत, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत ती कवळ्या बनवायची, म्हणून लहानथोर सगळे तिला कवळीताईच म्हणत. डॉक्टरांकडून जबड्यांचे ठसे यायचे. त्यात प्लास्टर ओतायचं, साचा सुकला की त्यावर मेणाची हिरडी चढवायची, एकेक दात चिमट्याने बसवायचा, मग मेणाच्या जागी गुलाबी प्लास्टिक शिजवायचं आणि शेवटी मोटारीवर घासून चकाकी आणायची. पन्नाशी उलटली तरी तिचा हात हलत नसे. समोरच्या टेबलाशी मास्तर बसत. त्यांनीच तिला हे काम शिकवलं होतं. आता डोळे अधू झाल्यामुळे ते फक्त प्लास्टर कालवायचे आणि रेडिओ लावायचे.

रेडिओवर दर आठवड्याला दुपारी 'घोडचूक' नावाचा कार्यक्रम लागे. तो सादर करणारा स्वतःला गप्पीदास म्हणवून घ्यायचा. आवाज असा, की त्याने मयताची बातमी दिली असती तरी लोक हसले असते. जगाच्या इतिहासातल्या मोठमोठ्या चुका तो तिखटमीठ लावून सांगायचा. वादळाने पूल मोडला म्हणून समुद्राला चाबकाचे फटके मारायला लावणारा राजा. दाणे खातात म्हणून चिमण्या मारून टाकणारा देश, आणि मग किडींनी शेतं फस्त केल्यावर त्याच देशाने कपाळावर मारून घेतलेला हात. हिवाळा आपल्याला विचारून येईल अशा थाटात बर्फाच्या मुलखात फौज घेऊन घुसलेला सेनापती. मागे ढोल वाजायचा, घोडे खिंकाळायचे आणि शेवटी गप्पीदास विचारायचा, "अक्कल वाटत होते तेव्हा हे महाशय कुठल्या रांगेत उभे होते?"

मास्तर हसता हसता प्लास्टर सांडायचे. कवळीताईही दात काढून हसायची. समुद्राला फटके मारणाऱ्या राजाची गोष्ट तर तिने घरी जाऊन आईला जशीच्या तशी करून दाखवली होती. हे सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे तिला स्वतःच्या त्या हसण्याचाही राग आला.

एका दुपारी गप्पीदास म्हणाला की आजची घोडचूक सातासमुद्रापलीकडची नाही, आपल्याच नदीतली आहे. कवळीताईच्या हातातला चिमटा जागच्या जागी थांबला. मास्तरांनी रेडिओ बंद करायला हात पुढे केला, तर ती म्हणाली, राहू द्या.

त्याने सगळं सांगितलं. नदीच्या दोन काठांमध्ये ये-जा करायला नवी कोरी तिमजली बोट बांधलेली. उद्घाटनाचा दिवस. काठावर बँड, झेंडे, फुलांच्या माळा. बोट सुटली, काठापासून हाताच्या अंतरावर असतानाच कलली आणि शांत पाण्यात, वारा नाही की लाट नाही, उलटी झाली. बोट बांधणारा इंजिनिअर स्वतः बोटीवर होता आणि तो मात्र वाचला. इथे गप्पीदासने 'गुडुप' असा आवाज काढला. "मंडळी," तो म्हणाला, "बोटीपेक्षा बँड जास्त वेळ वाजला!" मग पाण्याचे बुडबुडे, मग हशा.

त्या बुडबुड्यांत एकोणीस माणसं होती. कवळीताई तेव्हा नऊ-दहा वर्षांची होती, आणि तो इंजिनिअर तिचा बाप होता.

गावात आजही एखादी गोष्ट फसली की लोक 'बोटवाल्याचा हिशेब' म्हणतात. भिंत वाकडी आली, बोटवाल्याचा हिशेब. सदरा आखूड झाला, बोटवाल्याचा हिशेब. शाळेत तिने ते ऐकलं, बाजारात ऐकलं, आणि ज्यांना ती कुणाची मुलगी हे ठाऊक नव्हतं अशांच्या तोंडून तर आयुष्यभर ऐकलं. धाकटा भाऊ नोकरीच्या निमित्ताने दूर निघून गेला आणि तिकडे वडील शिक्षक होते म्हणून सांगू लागला. ती मात्र इथेच राहिली, आईजवळ.

आणि खरं सांगायचं तर तिचा बाप निर्दोष नव्हता. तसं असतं तर तिचा राग सोपा झाला असता. त्याने बोट दोन मजल्यांची आखली होती. बोटीचं काम देणाऱ्या समितीला वाटलं, पाहुणे कुठे बसणार? वर आणखी एक मजला हवा, छत हवं, खुर्च्या हव्यात, सरबताचं टेबल हवं. भर बैठकीत तिच्या बापाने सांगितलं की वर एवढं वजन चढलं तर बोट एका अंगाला जाईल. समितीचा अध्यक्ष हसून म्हणाला, साहेब, परवा तर तुम्हीच म्हणालात की बोट दणकट आहे, आता काय झालं, तिचा पाय मुरगळला का? बैठक खो खो हसली. बापही थोडासा हसला. हसल्यावर मग पुन्हा तोंड उघडणं अवघड होऊन बसलं. तिसरा मजला चढला. उद्घाटनाला मुख्य पाहुणा उशिरा आला, तो काठावर दिसताच वरची सगळी माणसं हात हलवायला एकाच कठड्याकडे धावली.

चौकशीत समितीचे सगळे जण एकमुखाने म्हणाले की आम्हाला यातलं काय कळतं, इंजिनिअर बोललेच नाहीत. बापाने ते नाकारलं नाही. नोकरी गेली. मरेपर्यंतची सात-आठ वर्षं त्याने खिडकीशी बसून काढली. कवळीताई मोठी झाल्यावर एकदा त्याच्यावर ओरडली होती, की तुम्ही बोलला का नाहीत? तेव्हा तो म्हणाला, "बोललो होतो गं. हळू बोललो."

हे उत्तर तिने ना भावाला सांगितलं, ना आईला.

कार्यक्रम संपताना गप्पीदासने जाहीर केलं की यंदाच्या सगळ्या घोडचुकांमधून श्रोत्यांनी फोन करून एक महामूर्ख निवडायचा आहे, आणि त्याचा सोहळा गावातल्या मोठ्या सभागृहात होणार आहे, प्रवेश सर्वांना मोफत. मास्तर म्हणाले, जाऊ दे, चार दिवस बोलतील आणि विसरतील. कवळीताईने हातातला मेणाचा जबडा टेबलावर आपटला. तिचं म्हणणं होतं की विसरले असते तर बरंच होतं. हे लोक विसरतही नाहीत आणि लक्षातही ठेवत नाहीत. एकोणीस जणांपैकी एकाचं नाव सांगा म्हणावं कुणालाही. बँड मात्र सगळ्यांना पाठ.

त्या रात्रीपासून तिच्या डोक्यात सगळ्या जुन्या गोष्टी उलट्या फिरू लागल्या. समुद्राला फटके मारायला सांगणारा राजा एकच होता. पण चाबूक घेऊन पाण्यात उतरलेले शिपाई किती होते? त्यांच्यापैकी कुणालाच कळत नव्हतं का, की हे पाणी आहे? कळत होतं. त्यांनी गंभीर चेहऱ्याने मोजून फटके मारले आणि संध्याकाळी बायकापोरांकडे गेले. चिमण्यांना दमवून मारायला भांडी बडवणाऱ्या लाखो हातांत एकही शेतकऱ्याचा हात नव्हता? सेनापतीच्या मुदपाकखान्यात, तबेल्यात, तंबूत एकालाही थंडी माहीत नव्हती? हजार माणसांना ठाऊक असतं आणि हजार माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघत गप्प बसतात. नंतर त्यांतलाच एक उचलून त्याच्या गळ्यात मूर्खपणाची माळ घालायची, की उरलेले नऊशे नव्याण्णव शहाणे ठरायला मोकळे.

काही दिवसांनी गप्पीदासचा फोन आला. तिच्या वडिलांना सगळ्यांत जास्त मतं पडली होती. राजा आणि सेनापती दोघेही मागे पडले होते. घरचं ते घरचं, असं म्हणून तो हसला. मग मधाळ आवाजात म्हणाला की ताई, तुम्ही स्वतः येऊन बक्षीस घेतलंत तर किती दिलदारपणा दिसेल, लोक तुम्हाला डोक्यावर घेतील. कवळीताईला वाटलं, फोनमधून हात घालून याची जीभ ओढावी. पण ती म्हणाली, येते.

भावाला कळलं तेव्हा त्याने फोन करून तिला वेड्यात काढलं. झाकली मूठ होती ती तू चव्हाट्यावर उघडणार, माझ्या मुलांची लग्नं व्हायची आहेत, वगैरे. ती म्हणाली की मूठ झाकलेली कधीच नव्हती, तू डोळे झाकून घेतले होतेस. आणि फोन ठेवला.

आई पलंगावर बसून हे ऐकत होती. ऐंशीच्या पुढे गेलेली, हाडांची मोळी, पण कान शाबूत. कवळीताईला वाटलं, आई नको म्हणेल. आई म्हणाली, "जा. पण तिथे रडू नकोस. रडलीस की लोक माफ करतात, आणि ऐकत नाहीत."

सोहळ्याच्या संध्याकाळी ती लवकर पोचली. सभागृह जुनं, पण रंगरंगोटी केलेलं. खाली लाकडी खुर्च्यांच्या रांगा आणि मागच्या अर्ध्या भागावर पुढे झुकलेली बाल्कनी. सभागृहाचे व्यवस्थापक दारातच भेटले. टाय लावलेले, हळुवार बोलणारे, समोरच्याला दार उघडून धरणारे गृहस्थ. ते तिला बाजूच्या वाटेने मंचाकडे नेत होते. बाल्कनीच्या जिन्याशी भिंतीला टेकून एक साखळी आणि तोंड भिंतीकडे केलेली पाटी ठेवलेली होती. कवळीताईने सहज पाटी फिरवली. 'बाल्कनी बंद आहे.' आणि जिन्यावरून तर माणसं चढत होती.

तिने विचारलं तेव्हा व्यवस्थापकांनी इकडेतिकडे बघितलं. गेल्या वर्षी बाल्कनीखालच्या तुळईला तडा गेलेला आढळला होता, दुरुस्ती व्हायची होती, तोवर वर कुणाला सोडत नव्हते. पण आज गर्दी फार. विश्वस्त म्हणाले, लोक दारातून परत गेले तर सभागृहाची शोभा होईल, एका संध्याकाळचा तर प्रश्न आहे. "मी त्यांच्या कानावर घातलं होतं," व्यवस्थापक म्हणाले.

"किती मोठ्याने?" कवळीताईने विचारलं.

त्यांना प्रश्न कळला नाही. ते ओशाळं हसले.

त्या हसण्याने तिच्या अंगाची लाही लाही झाली. असलंच हसू तिचा बाप बैठकीत हसला होता. ती तरातरा पडद्यामागे गेली. गप्पीदास आरशासमोर केस बसवत होता. तिने त्याला सांगितलं की बाल्कनी धोक्याची आहे, कार्यक्रम सुरू करायच्या आधी वरचे लोक खाली आणा. त्याने ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाला की ताई, सभागृहाचं सभागृहवाले बघतील, इथे नेहमी कार्यक्रम होतात. वर असंही म्हणाला की इंजिनिअर तुमचे वडील होते, तुम्ही नाही. बोलताना त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने तो चिखल झटकावा तसा झटकला. पण ती गप्प बसली. तिला वाटलं, व्यवस्थापकांनी कानावर घातलंय, मी याला सांगितलंय, आता बघतील. पुढे या दहा-पंधरा मिनिटांचा तिला सगळ्यांत जास्त राग येत राहिला. सगळं ठाऊक असून ती पडद्यामागच्या खुर्चीवर जाऊन बसली होती. माणसाला गप्प करायला फार काही लागत नाही, एक खुर्ची पुरते.

कार्यक्रम सुरू झाला. राजा झाला, चिमण्या झाल्या, सेनापती झाला. लोक पोट धरून हसत होते. मग गप्पीदासने तिला मंचावर बोलावलं. टाळ्या पडल्या, त्याने तिच्या हातात पत्र्याची छोटीशी उलटी बोट ठेवली आणि लोकांकडे वळून ओरडला की आता आपण सगळ्यांनी मिळून बोट डुलवायची. "बाल्कनी, तयार? पाय आपटा! डावीकडे! उजवीकडे!"

वरची शेकडो माणसं एका ठेक्यात पाय आपटू लागली. धाड, धाड. बाल्कनीखालून पांढरी भुकटी खाली बसलेल्यांच्या डोक्यांवर पडली. लोकांनी ती हसत हसत झटकली. एकाने तर हातावर झेलून शेजारणीवर उडवली.

जन्मभर प्लास्टरमध्ये हात घातलेल्या बाईला ती भुकटी कसली हे कुणी सांगायला नको होतं. तिने गप्पीदासच्या हातातला माइक हिसकावला.

"बाल्कनी रिकामी करा."

हशा पिकला. लोकांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग आहे. वरून कुणीतरी ओरडलं, बोटवाल्याचा हिशेब! पाय अजून जोरात आपटले. ती पुन्हा म्हणाली, आणखी मोठ्याने. गप्पीदास दात विचकत तिच्या हातातून माइक काढू लागला, तिने सोडला नाही, तेव्हा त्याने कोपऱ्यात खूण केली आणि माइक बंद पडला. मग तिने माइक खाली टाकला आणि नुसत्या गळ्याने ओरडली. तिचा आवाज चांगला नव्हता. फाटका, घोगरा, बाजारात भांडणाऱ्या बाईसारखा. पण तो शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

दाराशी व्यवस्थापक उभे होते. तिने त्यांच्याकडे बोट केलं. "अहो साहेब, बाल्कनीची तुळई तडकलीय. खरं की खोटं? सगळ्यांसमोर सांगा."

पाचशे माना त्यांच्याकडे वळल्या. व्यवस्थापकांनी पहिल्या रांगेत बसलेल्या विश्वस्तांकडे बघितलं. विश्वस्तांपैकी एक जण छताकडे बघत होते, एक घड्याळाकडे, आणि एक त्यांच्याकडेच, डोळे बारीक करून. व्यवस्थापक टायची गाठ चाचपत राहिले.

"माझा बापही असाच उभा होता," कवळीताई म्हणाली. आता सभागृहात कुणी हसत नव्हतं. "त्याला माहीत होतं. तो हळू बोलला. एकोणीस माणसं बुडाली, आणि त्यावर तुम्ही आज इथे हसायला आलात. बोला साहेब. हो म्हणा नाहीतर नाही म्हणा."

व्यवस्थापकांचे ओठ हलले.

"ऐकू आलं नाही," ती म्हणाली.

"खरं आहे!" ते एकदम ओरडले. स्वतःच्या आवाजाने ते स्वतःच दचकले. "बाल्कनी बंद आहे. तडा गेलाय. खाली उतरा. धावू नका, एकेक रांग उतरा."

लोक उतरले. पण कसे उतरले म्हणाल, तर शिव्या देत. मघाशी उगाच वर पाठवलं, आता उगाच खाली आणता, चांगल्या संध्याकाळचा विचका केला. कुणी कागदाचे बोळे मंचावर फेकले. कवळीताई तिथेच उभी राहून एकेक रांग बोटाने दाखवत होती, आता ही, आता ती मागची, ए, ढकलू नकोस, म्हातारीला आधी जाऊ दे. शेवटचा माणूस उतरला तेव्हा सगळ्यांनी वर बघितलं.

बाल्कनी होती तिथेच होती. जरासुद्धा हलली नव्हती.

मागून एक जण म्हणाला, "पडली का नाही अजून?" आणि सभागृह पुन्हा हसलं, या वेळी आधीपेक्षा मोकळेपणी, कारण आता हसायला जिवंत माणूस समोर उभा होता.

पुढच्या आठवड्यात गप्पीदासने नवी घोडचूक सांगितली. न पडलेली बाल्कनी. तिच्या आवाजाची नक्कल त्याने इतकी हुबेहूब केली की मास्तरांनी रेडिओच बंद करून टाकला. गल्लीतली मुलं तिला बघून 'रिकामी करा, रिकामी करा' ओरडू लागली. एका डॉक्टरांनी आपलं काम गोड बोलून दुसरीकडे वळवलं. भावाचा फोन आला, म्हणाला, आधी घरात एक होता, आता दोन झाले. कवळीताई दात-ओठ खात काम करत राहिली. बाल्कनी पडली असती तर तिचं म्हणणं खरं ठरलं असतं, आणि बाल्कनी पडावी असं तर तिला वाटत नव्हतं. या कात्रीत तिचा जीव गुदमरत होता. तिने एकदा आईजवळ तोंड सोडलं, की हे असले लोक, यांना वाचवून तरी काय मिळवलं?

आई म्हणाली, "त्या दिवशी तुझे बाबा काठावर आडवे पडले असते, बोट सोडू देणार नाही म्हणाले असते, तर लोकांनी त्यांनाही वेड्यात काढलं असतं. जन्मभर हसले असते. ती एकोणीस माणसंही हसली असती त्यांना." तिने पांघरूण ओढून घेतलं. "हसायला असती तरी."

महिनाभराने व्यवस्थापक तिच्या दारात उभे राहिले. टाय नव्हता. विश्वस्तांनी त्यांना कामावरून काढलं होतं, सभागृहाची बदनामी केली म्हणून. ते फार रागावलेले होते, आणि रागावण्याची सवय नसल्यामुळे त्यांना नीट रागावताही येत नव्हतं. ते म्हणाले की तुमचं काय गेलं, तुम्ही बोलून मोकळ्या झालात, माझ्या घरात दोन मुली आहेत. कवळीताईने त्यांना बसा म्हटलं नाही. ती म्हणाली की तुम्हाला वर्षभर ठाऊक होतं आणि तुम्ही पाटी भिंतीकडे वळवून ठेवलीत. ते म्हणाले, मी वळवली नाही, मला वळवायला सांगितलं. ती म्हणाली, पण हात कुणाचा होता? दोघं कडाकडा भांडले. मास्तर प्लास्टरचं भांडं हातात धरून मध्येच उभे राहिले. भांडून झाल्यावर व्यवस्थापक स्टुलावर बसले आणि मग ज्या कामासाठी आले होते ते बोलले. तुळईला नवा चुना दिलाय, तडा चुन्याखाली गेलाय. आज संध्याकाळी तिथे शाळेचं संमेलन आहे. मुलं मंचावर, आईबाप वर.

कवळीताईने हात धुतले.

ती गेली ती थेट जिन्याशी. पहिल्या पायरीवर उभी राहिली आणि दोन्ही कठडे दोन हातांनी धरले. व्यवस्थापक खाली दाराशी उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागले, मोठ्याने, न अडखळता, की मी इथला व्यवस्थापक होतो, बाल्कनीची तुळई तडकली आहे, वर जाऊ नका. लोकांनी दोघांना ओळखलं. कुणी नक्कल केली, कुणी मोबाइलवर चित्रं घेतली. कडेवर मूल असलेली एक बाई थांबली, तिने व्यवस्थापकांकडे नीट बघितलं, विचारलं, खरंच का हो? ते म्हणाले, खरंच. ती वळून आत गेली आणि खाली भिंतीला टेकून उभी राहिली. तिच्यामागून आणखी दोघं गेली. उरलेले मात्र जिन्याशी ताटकळत चिडले. एक विश्वस्त धावत आले, त्यांनी तिला बाजूला व्हायला सांगितलं, पोलिसांना बोलावीन म्हणाले.

"बोलवा," ती म्हणाली. "त्यांना वर बसवा आधी."

ते कुणी केलं नाही. अर्ध्या तासाने लोक कंटाळले. कुणी मधल्या वाटेत बसलं, कुणी मुलाला मांडीवर घेतलं, कुणी दारात उभं राहिलं. सगळे तिच्या नावाने बोटं मोडत होते. संमेलन उशिरा सुरू झालं आणि बाल्कनी त्या संध्याकाळी रिकामी राहिली. कवळीताईने शेवटपर्यंत कठडे सोडले नाहीत. घरी आल्यावर आईने तिच्या तळहातांना तेल चोळलं.

त्यानंतर सभागृह काही दिवस बंद होतं. उघडलं तेव्हा बाल्कनीखाली सहा जाडजूड लोखंडी खांब उभे होते, पांढऱ्या रंगाचे, वर नक्षी केलेले. तडा गेला होता, असं कुणी कुठे म्हटलं नाही. खांबांशेजारी भिंतीवर संगमरवरी पाटी लागली होती. सभागृहाच्या सौंदर्यवृद्धीसाठी विश्वस्त मंडळाकडून सप्रेम, आणि खाली सगळ्यांची नावं, छताकडे बघणाऱ्याचं, घड्याळाकडे बघणाऱ्याचं आणि डोळे बारीक करणाऱ्याचंही.

व्यवस्थापकांना तोवर एका गोदामात काम मिळालं होतं, पगार निम्मा. त्यांनीच निरोप पाठवून तिला पाटी बघायला बोलावलं होतं. ते पाटीसमोर उभे राहून एकेक नाव वाचत होते आणि त्यांची मान लाल होत चालली होती. आपलं नाव कुठेच नाही, निदान चूक होती एवढं तरी लिहायला हवं होतं, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

कवळीताईलाही ती पाटी हातोडीने फोडावीशी वाटत होती. तिने खांबावर हात ठेवून बघितलं. खांब जमिनीत पक्का बसवलेला होता.

"या भिंतीवर एक पाटी लागणारच होती," ती म्हणाली. "मेलेल्यांच्या नावांची लागली नाही. चला आता."